पोतडी : रिकामी खाच



अंक हातात पडला की आधी फोटो, मग पाककृती, मग मुलांची चित्रं आणि सगळ्यात शेवटी आमच्यासारख्यांची सदरं, हा क्रम मला ठाऊक आहे. तरी दर वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात दोघं-तिघं गाठून विचारतातच, "काका, यंदा कुणाची पोतडी उघडताय?" त्यांच्या भरवशावर हे सदर चाललंय. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दर दिवाळीला आपण एखाद्या कामकऱ्याच्या पिशवीत, पेटीत किंवा डब्यात डोकावतो. आजवर टपालवाल्याची थैली पाहून झाली, शिंप्याची पेटी पाहून झाली. यंदाची पोतडी मात्र खांद्यावर घेता येणार नाही. ती चाकांवर चालते, छातीइतकी उंच असते आणि भरली की दोघांनी ढकलावी लागते. ही आहे विमानाच्या मेकॅनिकची हत्यारांची पेटी.

तुमच्यापैकी निम्मे जण डिसेंबरात भारतात जाणार. बॅगांचं वजन घरच्या काट्यावर तीनतीनदा करणार, चितळ्यांच्या बाकरवडीसाठी परतीची जागा राखून ठेवणार. विमानात शिरताना पायलट दिसला तर त्याला हसून हॅलो म्हणणार. पण आदल्या रात्री त्या विमानाच्या पोटाखाली उताणं पडून ज्यानं काम केलं, तो माणूस तुम्हाला कधीच दिसत नाही. त्याची पेटी तर नाहीच नाही. म्हणून यंदा ती उघडू.

आत काय असतं?

वरच्या खणात बहुधा सॉकेट आणि त्यांच्या मुठी असतात. पाव इंची, ३/८ इंची आणि अर्धा इंची, असे तीन 'ड्राइव्ह'. त्याखाली पाने, ओळीनं, लहानापासून मोठ्यापर्यंत. मग पकडी, स्क्रू ड्रायव्हर, हातोड्या, कानशी, पंच. इथवर आपल्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडेही हेच असतं. पुढची हत्यारं मात्र विमानाचीच म्हणता येतील. सेफ्टी वायरची पक्कड घ्या. बोल्ट कंप पावून सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवतात आणि तिला पीळ देऊन शेजारच्या बोल्टाशी बांधतात. तार अशा दिशेनं ओढून बांधायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर ती त्याला उलट आवळेल. पीळ एकसारखा यावा म्हणून ही पक्कड मागची मूठ ओढली की स्वतःभोवती गरगर फिरते. मग असतात लांब दांडीचे आरसे. जिथे डोकं जात नाही तिथे नजर पोचवायला, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसाच आरसा लागतो. पत्रा जोडताना तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या क्लेको नावाच्या खुंट्या असतात आणि त्यांचे रंग ठरलेले असतात. ३/३२ इंचाला चंदेरी, १/८ ला तांब्याचा, ५/३२ ला काळा, ३/१६ ला पितळी. मापाचा आकडा वाचावाच लागत नाही.

टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट नेमका किती जोर लावून आवळायचा ते मोजणारा पाना, हा पेटीतला मानकरी. त्याच्यावर तपासणीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. तारीख उलटली की तो कितीही चांगला दिसो, वापरायचा नाही. काम झालं की त्याची मूठ सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायची, म्हणजे आतली स्प्रिंग ताणलेली राहत नाही.

आणि प्रत्येक जुन्या मेकॅनिकच्या पेटीत एखादा पाना असा असतो की जो कुठल्याच दुकानात मिळत नाही. एका विशिष्ट विमानातला एक विशिष्ट नट, जिथे कुठलाच पाना पोचत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी चांगला पाना घासून पातळ केलेला असतो, वाकवलेला असतो. बाहेरच्याला तो भंगार वाटेल. मालकाला विचाराल तर तो तो पाना विकणारच नाही.

एक खण वेगळा असतो, मिलिमीटरचा. अमेरिकेतल्या विमानांवर बहुतेक सगळा कारभार इंचांचा. ३/१६ इंच जाडीच्या साध्या बोल्टाच्या डोक्याला ३/८ इंचाचा पाना लागतो. ३/८ इंच म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. घाईत १० मिलिमीटरचा पाना हाताला लागला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण ढिला असतो आणि जोर लावला की बोल्टाचे कोपरे गोल करून टाकतो. म्हणून दोन्ही जाती एका खणात नांदत नाहीत.

पेटी कुणाची?

हे आपल्याकडून आलेल्यांना सहसा माहीत नसतं. भारतात विमान कंपन्यांची हत्यारं बहुधा कंपनीच्या स्टोअरमधून मिळतात. टोकन द्या, हत्यार घ्या. अमेरिकेत मात्र मोठी, महागडी, खास यंत्रं कंपनीची असली तरी रोजच्या हातातली हत्यारं बहुतेक ठिकाणी मेकॅनिकची स्वतःची. नोकरी बदलली की पेटी ट्रकवर चढवून न्यायची. दर आठवड्याला हत्यारवाल्याची गाडी दारात येते. आपल्याकडे बोहारीण यायची तशी, फक्त ही जुने कपडे घेत नाही, हप्ते घेते. विशीतला पोरगा त्या गाडीत शिरतो आणि चकचकीत लाल पेटी पाहून हजारो डॉलरचा हप्ता बांधून बाहेर पडतो. अनुभवी मंडळी कानीकपाळी ओरडून सांगतात, आधी हत्यारं घे, पेटी सगळ्यात शेवटी. जुनी घे, निवृत्त होणाऱ्याची घे. ऐकतात थोडेच.

या बाबतीत आपण ओहायोवाले भाग्यवान. हा मुलूखच पेट्यांचा आहे. डेटनमध्ये १९०६ पासून गर्स्टनर कंपनी लाकडी पेट्या बनवते. हिरव्या फेल्टच्या अस्तराच्या, बारीक खणांच्या, पाहूनच दागिने ठेवावेसे वाटतील अशा. व्हॅन वर्टची केनेडी कंपनी १९११ ची, तिच्या तपकिरी सुरकुत्या-रंगाच्या पत्र्याच्या पेट्या कित्येक मेकॅनिकांनी बापाकडून वारशात घेतल्या. मॅक टूल्सचा जन्म १९३८ मध्ये सबीना गावातला.

आणि विमानाच्या पहिल्या मेकॅनिकचं गावही डेटनच. राइट बंधूंचं नाव शाळकरी मुलालाही माहीत असतं, चार्ली टेलरचं क्वचितच. १९०१ मध्ये तो त्यांच्या सायकलच्या दुकानात कामाला लागला. विमानासाठी हलकं इंजिन बनवून द्यायला कुणी कारखानदार तयार होईना, तेव्हा चार्लीनं ते दुकानातच बनवलं. लेथ, ड्रिल प्रेस आणि हातची हत्यारं एवढ्यावर, सुमारे सहा आठवड्यांत. रीतसर आराखडे नव्हते. कागदावर रेखाटन करायचं, ते कामाच्या टेबलासमोर टाचायचं आणि घडवायचं. क्रँकशाफ्टसाठी पोलादाच्या जाड तुकड्यावर आकार आखून त्या रेषेवर भोकंच भोकं पाडली, नको तो भाग तोडून काढला आणि उरलेला लेथवर घासला. १९०३ च्या डिसेंबरात किटी हॉकला उडालेलं विमान त्याच इंजिनावर उडालं. १९११ मध्ये कॅल रॉजर्स विमानानं अमेरिका ओलांडायला निघाला, तेव्हा चार्ली मेकॅनिक म्हणून आगगाडीतून त्याच्या मागोमाग गेला. सुटे भाग आणि हत्यारं त्या गाडीत. म्हणजे त्या काळी पेटीला चाकंच नव्हती, अख्खी रेल्वे होती! चार्लीचा जन्मदिवस, २४ मे, हा आज अमेरिकेत विमान मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात.

कशी लावतात?

पेटी लावण्याचे दोन संप्रदाय आहेत. एक म्हणतो, जातीप्रमाणे लावा. सगळे पाने एका खणात, सगळ्या पकडी दुसऱ्यात. दुसरा म्हणतो, कामाप्रमाणे लावा. चाक बदलायला जे जे लागतं ते सगळं एका ट्रेमध्ये, म्हणजे एकच ट्रे उचलून निघता येईल. आपल्या स्वयंपाकघरातही हा वाद आहेच. सगळे मसाले एका फळीवर, की फोडणीचं सगळं मिसळणाच्या डब्यात? शहाण्या गृहिणीसारखे शहाणे मेकॅनिकही दोन्ही करतात. मोठी पेटी जातीप्रमाणे आणि रोजची पिशवी कामाप्रमाणे.

पण खरी गंमत खणाच्या तळाशी आहे. तिथे फोमची जाड गादी असते, दोन रंगांची. वरचा थर काळा, खालचा लाल किंवा पिवळा. प्रत्येक हत्यार फोमवर ठेवून त्याची बाह्यरेषा काढायची आणि तेवढाच वरचा थर कापून काढायचा. मग प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराची खाच मिळते. हत्यार जागेवर असलं की खण काळा दिसतो. एखादं नसलं की त्याच्या आकाराचा लाल डाग डोळ्यांत भरतो. खण उघडायचा, एक नजर टाकायची, बंद करायचा. चाळीस हत्यारं मोजायला दोन सेकंद पुरतात. शिवाय प्रत्येक हत्यारावर मालकाची आद्याक्षरं किंवा क्रमांक कोरलेला असतो, म्हणजे सापडलेला पाना कुणाचा यावर वाद नको.

नीटनेटकेपणाची हौस म्हणून हे कुणी करत नाही. हत्यार चटकन सापडावं हे कारणही दुय्यम. मुख्य कारण असं की पेटीतलं हत्यार पेटीत नसेल तर ते कुठे आहे, हा प्रश्न विमान उडण्याआधी सुटला पाहिजे.

नाही सुटला तर?

१५ मार्च २०२३ ला ॲरिझोनातल्या ल्यूक हवाई तळावर एका एफ-३५ लढाऊ विमानाचं इंजिन जमिनीवर चालवून पाहत होते. हवा आत ओढणाऱ्या तोंडाशी एक हातातली बॅटरी राहून गेली होती. इंजिनानं ती गिळली. नुकसान जवळजवळ ४० लाख डॉलर. इंजिन सुरू करण्याआधी हत्यारं मोजायची हा नियम होता, पण ती मोजणी व्हायला हवी तशी झाली नव्हती.

दुसरी गोष्ट डिसेंबर २०२३ ची. क्वांटासच्या ए-३८० विमानाची लॉस एंजेलिसला तपासणी झाली. इंजिनाचा आतला भाग हातानं फिरवण्यासाठी सव्वा मीटर लांबीचं एक नायलॉनचं हत्यार वापरलं होतं. ते इंजिनातच राहिलं. हत्यार परत आलेलं नसताना ते शोधण्याची ठरलेली पद्धत सुरूच केली गेली नाही आणि विमान सोडलं. १ जानेवारी २०२४ ला ते सापडलं तोवर विमानाची ३४ उड्डाणं झाली होती, २९४ तास. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. सव्वा मीटर म्हणजे पहिलीतल्या मुलाएवढी उंची! एवढी मोठी वस्तू दिसली नाही कशी, असं आपण म्हणतो. पण हत्यार लहान की मोठं यावर काहीच अवलंबून नसतं. खाच रिकामी आहे याची दखल कुणी घेतली का, यावर सगळं असतं.

नजरेवर किती भरवसा ठेवावा याचीही एक गोष्ट आहे. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पायलटसमोरची काच हवेत उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदम्प्टनला उतरवलं आणि सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. आदल्या पाळीत काच बसवताना जुना बोल्ट हातात धरून नजरेनं जुळवून नवे बोल्ट निवडले होते. ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक निघाले. फरक एक इंचाचा सव्वीस हजारांश. म्हणून पेटीतल्या प्रत्येक खणाला चिठ्ठी, प्रत्येक डबीवर क्रमांक. अनुभवी माणसालाही ती वाचावी लागते. किंबहुना अनुभवी माणसाला जास्तच.

आपल्यातला एक

आता ज्याच्यामुळे हा लेख सुचला त्याच्याबद्दल. आपल्याच मंडळात वाढलेला मुलगा. गणपतीत लेझीम खेळायचा, तुमच्यापैकी अनेकांनी त्याच्या हाती मोदक दिले असतील. नाव छापायचं नाही ही त्याची अट. दोन वर्षं इंजिनिअरिंगला जाऊन त्यानं ते सोडलं आणि मेकॅनिक व्हायचं ठरवलं. वडील म्हणाले होते, "नट-बोल्टच आवळायचे होते तर आम्ही सातासमुद्रापार कशाला आलो?" हे वाक्य आपल्यातल्या किती घरांत वेगवेगळ्या शब्दांत बोललं जातं, ते तुम्हीच आठवा.

परवाना मिळून वर्ष झालं असेल. रात्रपाळी होती. पहाटे सहाला निघणाऱ्या विमानाच्या पंखाखालचं काम अडीच वाजता संपलं. त्यानं खण उघडला. पाव इंची ड्राइव्हचा ३/८ चा सॉकेट, अंगठ्याच्या पेराएवढा, जागेवर नव्हता. लाल डाग.

मला तो म्हणाला, "काका, तेव्हा डोक्यात काय काय येतं सांगू? मागच्या पाळीत कुणी घेतला असेल. मघाशी गाडीखाली घरंगळला असेल. नवीन वीस डॉलरला मिळतो, उद्या आणून ठेवू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्यानं जाऊन पाळीच्या प्रमुखाला सांगितलं. लावलेले पत्रे पुन्हा उघडले. आणखी तिघं शोधायला लागले. सहाचे सात वाजले, वर गेटवर लोक ताटकळत बसले, कुणाचं पुढचं विमान चुकलं असेल. पावणेआठला सॉकेट सापडला. पंखाच्या मागच्या फ्लॅपला हलवणाऱ्या यंत्रणेपाशी, एका कंगोऱ्यावर, ग्रीसमध्ये रुतून बसलेला. तिथून तो कधीतरी हलला असता, आणि उतरताना फ्लॅप अडकले असते तर काय, याचं उत्तर त्याला प्रमुखानं दिलं नाही. त्यानं फक्त "बरं झालं बोललास," असं म्हटलं आणि कागद भरायला घेतले.

घरी आल्यावर वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि न सांगता घरी आला असतास तर?"

"तर झोप लागली नसती, बाबा."

वाचकहो, मला इथेच थांबून तुम्हाला एक विचारायचं आहे. आपल्या घरात काचेचा ग्लास फुटल्याचा आवाज आला की आपला पहिला प्रश्न कोणता असतो? "कुणी फोडला?" हाच ना? मूल लगेच शिकतं की तुकडे गोळा करून कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी लपवणं बरं. पुढे हेच मूल नोकरीत जातं. दवाखान्यात असो, बँकेत असो, सॉफ्टवेअरमध्ये असो. लाल डाग दिसल्यावर ते काय करणार, हे बऱ्याच अंशी त्या ग्लासाच्या दिवशी ठरतं. फोम कुणीही कापू शकतं. पण "माझं एक कमी आहे" असं मोठ्यानं म्हणणारा माणूस आणि ते ऐकून न ओरडणारा प्रमुख, हे दोघं नसतील तर ती पेटी म्हणजे नुसता पत्रा. त्या प्रमुखाचं कौतुक मला मुलाइतकंच वाटतं. तो त्या रात्री खेकसला असता, तर पुढच्या वेळी वीस डॉलरचा सॉकेट गुपचूप विकत आणला गेला असता.

घरात कुणाला आवड असेल तर

थोडी उपयोगाची माहिती. अमेरिकेत हा परवाना एफएए देते. त्याचे दोन भाग, विमानाचा सांगाडा आणि इंजिन. मान्यताप्राप्त शाळेत शिकून, किंवा कामाचा अनुभव घेऊन परीक्षेला बसता येतं. एका भागासाठी १८ महिने, दोन्हींसाठी मिळून ३० महिने अनुभव लागतो. वय किमान १८. लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष काम, अशा तीन परीक्षा. मुलानं विषय काढला तर लगेच तोंड वाकडं करू नका. त्याला किंवा तिला एखाद्या शाळेचा हँगर पाहायला घेऊन जा. आणि हप्त्यावर पेटी घेऊ देऊ नका!

जाता जाता एक गोष्ट. यंदा खंडेनवमीला त्या मुलाच्या आईनं त्याला सांगितलं, पूजेला तुझी हत्यारं आण. त्यानं एकच पाना आणला. देवघरात वडिलांच्या लॅपटॉपशेजारी तो ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी पूजेला गेलो होतो, म्हणून विचारलं, "अरे, तिकडे तुझी खाच रिकामी राहिली की!"

"नाही काका," तो म्हणाला. "खाचेत माझ्या नावाचा बिल्ला ठेवून आलोय. आणि वहीत लिहिलंय, पाना घरी नेला, उद्या परत."

पुढच्या दिवाळीत कुणाची पोतडी उघडायची ते जरूर कळवा. दोघींनी सुईणीची पिशवी सुचवली आहे, एकानं पियानो जुळवणाऱ्याची. मला दोन्ही मोहात पाडताहेत. तोवर फराळावर ताव मारा, प्रवास सुखाचा होवो आणि विमान उशिरा सुटलं तर गेटवरच्या माणसावर ओरडण्याआधी जरा दम धरा. खाली कुणीतरी काहीतरी शोधत असेल.